मध्यरात्रीपर्यंतचं तेल

आमचा धंदा फोटोवर चालतो. पुतळ्याची ऑर्डर येते ती फोटोंसकट. पूर्वी ते लिफाफ्यातून यायचे, आता मोबाइलवर येतात. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि घरच्यांनी हौसेनं शोधून काढलेला लग्नातला एखादा, ज्यात माणूस हसत असतो पण निम्मं तोंड हारात गेलेलं असतं. मग मातीत डोकं उभं करायचं, कंपास लावून कपाळापासून हनुवटीपर्यंत मोजत जायचं आणि शेवटी नातेवाइकांना बोलावून त्या डोक्यासमोर उभं करायचं. ‘हो, हे आमचेच’ असं ते म्हणाले की आमची सुटका. पुढं प्लास्टरचा साचा, मेण, गाभा, भट्टी. कोल्हापुरात हे काम मुरलेलं आहे. सिनेमावाले म्हणून ठाऊक असलेले बाबूराव पेंटर पुतळेही घडवत, हे आमच्या गल्लीतलं पोरसुद्धा सांगेल.

त्यामुळं ओरत्तनाडूहून आलेलं एक कुटुंब अंबाबाईचं दर्शन उरकून थेट माझ्या शेडमध्ये येऊन उभं राहिलं आणि ‘आम्हाला फूटभर उंचीची मुक्तांबा हवी, पितळेची नाहीतर काशाची’ म्हणालं, तेव्हा माझा पहिला प्रश्न सवयीचाच होता. फोटो आहे का?

नातू हसला. मुक्तांबा वारल्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली होती, आणि त्यांच्या घरात तिचं चित्रही नव्हतं.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं की विसेक किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. मराठी कागदांत ते मुक्तांबाळपुरम. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ च्या सुमारास इथं आपल्या मुक्तांबेच्या नावानं छत्र बांधलं. ती राजांची जिवलग. पट्टराणीचा मान तिला नव्हता. मरताना तिनं एवढंच मागितलं म्हणे, की माझ्या नावानं अन्नछत्र चालू राहावं. ‘म्हणे’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो, कारण गोष्ट सांगणारा प्रत्येक जण तिच्यात आपलं काहीतरी घालतो. छत्र मात्र आहे. जोत्याला दगडात कोरलेले घोडे आणि हत्ती आहेत, जणू सगळी इमारत ओढून नेताहेत. पुढं तिथं शाळा भरली, मुलांचं वसतिगृह चाललं. मी पाहिलं तेव्हा खांबांना चुन्याचे थरावर थर होते आणि एका हत्तीच्या सोंडेवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

ही छत्रं रामेश्वरच्या वाटेवरची. काशीहून गंगा घेऊन निघालेला यात्रेकरू तंजावर ओलांडून याच रस्त्यानं समुद्राकडं जायचा. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. छत्रांचा खर्च कंपनीनं कमी करू नये म्हणून तिथं काय काय चालतं ते त्यात सांगितलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला जेवण, शिकणाऱ्या पोरांना गुरुजी, आजाऱ्याला वैद्य, अडलेल्या बाईला सुईण आणि बाळंतपणाची सोय. त्यातलं एक कलम मी विसरू शकलो नाही. मध्यरात्री पुन्हा घंटा वाजवायची आणि अजून जेवायचं राहिलेलं कुणी असेल तर त्याला हाक मारायची.

हे सगळं मला आजींनी सांगितलं. आजी म्हणजे त्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या. त्यांचं मराठी जुन्या तंजावरी वळणाचं, तमिळच्या शेजारानं वाढलेलं. पहिले काही तास मला निम्मं कळायचं, मग कान बसला. त्या मला ‘अरे बाबा’ म्हणत आणि माझ्या कोल्हापुरी बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसत. मूर्ती त्यांनाच हवी होती. स्मारक म्हणून नाही, देव म्हणूनही नाही, घरातल्या कोनाड्यासाठी.

मी आधी नाहीच म्हणालो. चेहरा नसलेल्या माणसाचा पुतळा म्हणजे नाव नसलेला दाखला, असं माझं मत होतं. यावर नातवानं जे उत्तर दिलं ते मला आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही. पुण्यातला करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी तुम्हाला पटतो का, असं त्यानं विचारलं. तो पुतळा १९२८ चा. तो घडवणाऱ्यानं महाराजांना पाहिलं नव्हतं, बघायला जाणाऱ्यानंही नाही. तरी मराठी माणूस तिथं उभा राहतो तेव्हा ‘हेच महाराज’ म्हणतो. चेहऱ्याला जुन्या चित्रांचा आधार आहे खरा. पण पटतं ते बसण्यातलं काहीतरी, लगाम धरण्यातलं, घोड्याच्या छातीतलं.

शेवटी ठरलं असं, की आराखडा मी करायचा आणि ओतकाम स्वामिमलैला. माझी पोकळ ओतायची रीत त्यांना नको होती. आजींना घनमूर्ती हवी होती. ‘हातात घेतली तर जड लागली पाहिजे,’ असं त्यांचं म्हणणं.

स्वामिमलै कुंभकोणमच्या पश्चिमेला, कावेरीच्या काठी. मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींच्या गल्ल्याच आहेत. मी ज्यांच्याकडं गेलो त्यांच्या अंगणात परदेशी जाणाऱ्या नटराजांची रांग प्रभावळीशिवाय उभी होती आणि एक मुलगा मोबाइलवर गाणी ऐकत सोंडेला कानस मारत होता. ‘परंपरा’ हा शब्द ऐकून जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं काही तिथं दिसलं नाही, आणि मला हायसं वाटलं. शेड कुठलीही असो, कामाचा पसारा सारखाच.

स्थपतींनी फोटो मागितला नाही. उंची विचारली. मग नारळाच्या झावळीतलं एक पान काढलं, हीर बाजूला केली, उंचीएवढी पट्टी कापली आणि ती घड्या घालून विभागू लागले. या पट्टीला ते ओलै म्हणतात. मूर्ती किती तालांची ते आधी ठरतं. मोठ्या देवांना उत्तम दशताल, म्हणजे उंचीचे एकशे चोवीस भाग. देवींना त्याहून थोडे कमी, मध्यम दशताल, एकशे वीस. खालच्या पायऱ्यांवर बाकीचे. चेहरा एक ताल, आणि त्यावरून गळा, छाती, नाभी, गुडघा, सगळं घड्यांवर. मोजपट्टीवरचा सेंटिमीटर इथं कामाचा नाही. फूटभर मूर्तीचा अंगुळ वेगळा, पुरुषभर मूर्तीचा वेगळा. मोजमाप त्या एका देहाच्या आतलंच.

‘ही कोण?’ त्यांनी नातवाला विचारलं. देवी की माणूस?

माणूस, नातू म्हणाला.

‘हातात काय?’

आमच्याकडं उत्तर नव्हतं. स्थपतींनी पानाची पट्टी गुंडाळून कानामागं ठेवली आणि म्हणाले, आधी तिरुविडैमरुदूरला जाऊन या.

ते गाव कुंभकोणमच्या ईशान्येला आहे. तिथल्या महालिंगस्वामीच्या देवळात हातात दिवा धरलेली एका बाईची मूर्ती आहे. तमिळ मुलखात अशा दीपलक्ष्मी देवळोदेवळी आहेत. पण या मूर्तीच्या पीठावर लेख आहे, आणि लेखात नाव आहे अम्मणीबाईचं. तंजावरच्या भोसले घराण्यातली ही मुलगी. तिचं मन प्रतापसिंहावर, आपल्या नात्यातल्याच. (हा प्रतापसिंह म्हणजे अठराव्या शतकातला राजा नव्हे, पुढच्या पिढ्यांतला त्याच नावाचा.) त्याच्याशी लग्न झालं तर महालिंगाला लक्ष दिवे लावीन, असा तिचा नवस. लग्न झालं. दिवे लावले, आणि त्यांतला एक दिवा म्हणून ती स्वतः उभी राहिली. साल १८५३, घडवणारा शिल्पी कण्णैया. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी दोन वर्षांनी वारले आणि राज्य बुडालं. दिवा राहिला.

मी धंदेवाईक नजरेनं आधी चेहरा पाहिला. तो मला काही सांगेना. डोळे, नाक, ओठ, सगळं ठरलेल्या वळणाचं. फोटोच्या जमान्यातलं गिऱ्हाईक असतं तर म्हणालं असतं, ‘ही आमची बाई नाही.’ पण नजर खाली हातांवर आली आणि थांबली. दोन्ही हातांनी वाटी पुढं धरलेली. मागणं पुरं झालेल्या माणसाचे हात. नवस बोलताना हात जोडतात, फेडताना ते उघडावे लागतात. हे मला तिथं उभं राहून सुचलं. शास्त्रात असं काही लिहिलं असेल असा माझा दावा नाही.

म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ त्या वेळी आठवली. जे. जे. मध्ये शिकत असताना त्यांनी प्लास्टरमध्ये केलेली, पूजेला निघालेली तरुणी. आम्हा शिल्पकारांच्या पिढ्या तिच्यावर वाढल्या. लुगड्याच्या चुण्या काय, मानेचा डौल काय. पण ती बघणाऱ्यासाठी आहे. तिला ठाऊक आहे की आपण सुंदर आहोत. अम्मणीबाईला तुम्ही बघताय की नाही याची पर्वा नाही. तिचं काम महालिंगाकडं आहे.

परत येताना तंजावरला उतरलो. राजवाड्यातल्या कलादालनात चोळांची काशं आहेत. १९५१ नंतर हे दालन उभं राहत गेलं. तिरुवेंकाडूला जमिनीत पुरलेल्या मूर्ती सापडल्या, त्यांतल्या उत्तमोत्तम इथं आल्या. तिथला वृषभवाहन शिव १०११ चा, शेजारची देवी पुढच्या वर्षीची. शिव उभा आहे, एक पाय दुसऱ्यावरून आडवा टाकलेला, उजवा हात कोपरात मोडून हवेत टेकवलेला. तो हात ज्या नंदीवर होता तो नंदी आज नाही. त्यामुळं हात कशावरच टेकलेला नाही, आणि तरी टेकलेला आहे. सगळ्या देहाचा भार त्या नसलेल्या पाठीवर सैल सोडलेला दिसतो. कमरेतला बाक, खांद्याचा उतार, बोटांचं ढिलं पडणं. मी कितीतरी पुढाऱ्यांचे हात खुर्चीच्या दांडीवर ठेवले आहेत, टेबलावर ठेवले आहेत, पुस्तकावर ठेवले आहेत. एकाचाही भार कधी खुर्चीत उतरला नाही.

आणि हे सगळं घडवलं ते झाकण्यासाठी. उत्सवमूर्ती मिरवणुकीची. पीठाला दांडे घालायला भोकं, कड्या. बाहेर निघते तेव्हा रेशीम, हार, दागिने यांत गळ्याखालचं काही दिसत नाही. आपला विठोबा सजल्यावर दिसतो तसंच. उघडं अंग बघणार फक्त अभिषेक करणारा पुजारी. ज्या पाठीसाठी आज युरोपातून माणसं येतात ती पाठ घडवणाऱ्याला माहीत होतं की ती कुणी पाहणार नाही. रोदँनं १९१३ मध्ये शिवतांडवाच्या मूर्तीवर भारावून लिहिलं तेही फोटो बघून. पुजाऱ्याचं म्हणणं मात्र मला कुठं लिहिलेलं सापडलं नाही, आणि रोज हात फिरवणारा तोच होता.

त्या काळी माणसांच्या मूर्ती होत नव्हत्या असंही नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर राजराजानं आणि त्याच्या माणसांनी दिलेल्या धातुमूर्तींची यादी कोरलेली आहे. पायापासून केसापर्यंत उंची किती, हात किती, घन की पोकळ, सगळं सरकारी नोंदवहीसारखं. त्यात खुद्द राजराज आणि त्याची राणी लोकमहादेवी यांच्याही मूर्ती आहेत. त्याच मूर्ती या, असं मानून २०१८ मध्ये एक जोडी अहमदाबादहून तंजावरला परत आणली गेली. त्या ह्याच का, यावर जाणकारांत वाद आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या बाबतीतही आमच्या शेडमधलाच प्रश्न: ओळख पटते का?

रात्री ओरत्तनाडूला पोचलो तेव्हा देवघरात टाक दिसले. मला उगाच वाटत होतं की टाक फक्त देशावर असतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला खंडोबा, एक देवी, आणि घोड्यावरचा एक वीर. तो वीर म्हणजे या घराण्याचा कुणी पूर्वज, इकडं आलेल्यांपैकी. घोडा, हातात तलवार, चेहऱ्याच्या जागी दोन टिंबं आणि मिशीची रेघ. ‘हे असे दिसत नव्हते,’ असं गेल्या तीनशे वर्षांत या घरातलं कुणी म्हणालं नसेल. आमच्या कोल्हापूरच्या देवघरातही असाच एक आहे. दसऱ्याला मी त्याला हळद लावतो, आणि मला कधी फोटो मागावासा वाटला नाही.

पुढं काम सरळ झालं. मुक्तांबा दिवा धरणार हे ठरलं. मी कागदावर काढलं, स्थपतींनी मेणात घेतलं. मधमाशीचं मेण, त्यात राळ आणि शेंगदाण्याचं तेल. निखाऱ्यावर सळई तापवून डोकं, धड, हात वेगवेगळे करायचे आणि ऊब देऊन जोडायचे. मी आयुष्यभर मातीत काम केलं. माती काढून टाकता येते, चोपता येते, रात्री ओलं फडकं टाकून सकाळी पुन्हा भांडता येतं. मेण लवकर ठरतं. लुगडं नेसवण्यावरून आमचं तोंडाला तोंड लागलं. मला काष्टा हवा होता, त्यांचा हात तमिळ नेसणीकडं जात होता. नातवानं आईला उभं करून फोटो पाठवले. या कामात आलेले तेवढेच फोटो. काष्टा झाला.

मेणाची मूर्ती बघायला आजी स्वतः आल्या, गाडीतून, पायांना सूज असताना. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं आता चेहऱ्याबद्दल विचारतील. त्यांनी बोटानं वाटी दाखवली.

‘एवढ्याशा वाटीत तेल किती मावणार?’

स्थपतींनी अंदाज सांगितला. तासभर जळेल.

‘मग मध्यरात्रीला काय करायचं?’ आजी म्हणाल्या. ‘घंटा वाजते तेव्हा दिवा विझलेला? जेवायचं राहिलेला माणूस अंधारात येणार?’

घंटा वाजणं बंद होऊन किती काळ लोटला याचा हिशोब कुणीच मांडला नाही. स्थपतींनी सळई तापायला ठेवली.

वाटी मोठी करणं म्हणजे वाटी बदलणं एवढंच नसतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, आजींना नव्हतं. पहिली मूर्ती हात लांब करून, सहज उभी होती. तेवढ्याच लांबीवर दुप्पट भांडं धरलं की ते धरल्यासारखं दिसेना, चिकटवल्यासारखं दिसू लागलं. मग कोपरं अंगाजवळ आली. कोपरं आली तसे खांदे किंचित वर गेले. भार पुढं आला म्हणून कंबर मागं गेली, डावी टाच घट्ट रोवली गेली, उजवा गुडघा सैल झाला. हनुवटी खाली आली, कारण भरलेलं भांडं धरणारा माणूस भांड्याकडं बघतो. पानावरच्या घड्या जशाच्या तशा होत्या. एकही माप हललं नव्हतं. पण समोर आता दुसरीच बाई उभी होती. जरा दमलेली, जरा वयस्क, आणि पुष्कळ वेळ उभं राहायची तयारी असलेली. मी चेहऱ्याला हात लावला नव्हता, स्थपतींनीही नाही.

मला अजूनही चेहरा महत्त्वाचा वाटतो. ओळख पटवून देणं यात कमीपणा नाही; गेलेल्या बापाचं डोकं मातीत बघून मुलगा रडतो तेव्हा ते खोटं नसतं. पण चेहरा सांगतो कोण होतं. ते माणूस काय पेलत होतं हे विचारलं की मला आता खांद्यांकडं, टाचेकडं, कमरेकडं बघावं लागतं, आणि माझे कितीतरी जुने पुतळे तिथं गप्प आहेत.

ओतायच्या आधी कावेरीची गाळाची बारीक माती, मग शेतातली वाळूमिश्रित, मग जाडी. तारा आवळून सावलीत वाळवण. मेणाचं वजन आधीच घेतलेलं, त्याच्या आठ-नऊ पट धातू. गोवऱ्यांवर साचा तापला, मेण वितळून बाहेर आलं आणि आत पोकळीतली मुक्तांबा उरली. साचा जमिनीत पुरून तोंड वर ठेवलं. मुशीत तांबं, पितळ, थोडं शिसं. आजींनी दिलेली सोन्याची बारीक तार आणि चांदीचा तुकडा. ओतताना सगळे गप्प होते, एरवी अखंड गाणी लावणारा तो मुलगासुद्धा. धार तुटू देत नाहीत. तुटली तर अंगावर सांधा राहतो.

साचा फोडल्यावर छिन्नीचं काम बरेच दिवस चाललं. डोळे कोरायची वेळ आली तेव्हा मी विचारलं की नेत्रोन्मीलनाचा विधी करणार का. देवासाठी सोन्याची छिन्नी, मुहूर्त, सगळं असतं. स्थपती म्हणाले, ही माणूस आहे ना? आणि रोजच्या छिन्नीनं, चहाचा पेला बाजूला ठेवून, दोन रेघांत डोळे केले.

मूर्ती कोनाड्यात बसली. लाकडी फळी तिच्या भारानं वाकली म्हणून विटा रचून चुना केला. गज वादळात आडव्या झालेल्या माडांच्या जागी त्यांनी नवे लावले होते. त्यांतल्या एकाच्या कोवळ्या झावळीचं तोरण होतं. पहिल्या रात्री आजींनी वाटी काठोकाठ भरली आणि दिवा किती वाजेपर्यंत जळतो ते बघायला नातवाला जागं ठेवलं.

मी तिला रसायन देऊन गडद रंग आणला होता, जुन्या काशासारखा. पंधरवड्यातच नातवाचा फोन आला. आजींनी चिंच लावून घासून ती लख्ख पिवळी केली होती. शिवाय तेल डाव्या अंगानं ओघळतं, अशी तक्रार. मी स्थपतींना कळवलं. त्यांनी वाटीचा काठ समपातळीत असल्याचं छातीठोक सांगितलं आणि कोनाडा मोजायला लावला. घर जुनं, कोनाड्याचा तळच एका बाजूला उतरता निघाला. नवा चुना करायला गवंडी हवा, आणि गवंडी पोंगल होईपर्यंत मिळणार नव्हता. तोवर आजींनी पीठाच्या डाव्या कडेखाली दोन रुपयांचं नाणं सरकवलं आहे. एका रुपयाचं पुरलं नाही म्हणाल्या.